राबून थकलेलं इंजिन आणि बसून मेलेलं इंजिन

गेल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात दोन आउटबोर्ड इंजिनं, म्हणजे होडीच्या मागं लटकवायची इंजिनं, लाकडी घोड्यावर शेजारी-शेजारी टांगली होती. दोन्ही 8 एचपी, दोन्ही टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची. एक मेव्हण्यानं कारवारहून टेम्पोत घालून आणलेलं. काळी नदीच्या मुखाशी मासेमारीत रोज चाललेलं, रंग उडालेला, कव्हरला दोरीचे चरे. दुसरं दूधगंगेकाठच्या एका गावातलं. 2019 च्या पुरात लोकांनी गुळाच्या काहिलीत बसून माणसं काढली, त्यानंतर वर्गणीनं घेतलेलं. 2021 च्या पुरात ते चार दिवस चाललं आणि मग गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली गेलं. त्याच्यावर नखाचा ओरखडा नव्हता.

दोरी ओढली की दोन्ही सारखीच खोकायची आणि बंद पडायची. दोन्हींतलं एक मला घ्यायचं होतं. मी अर्थातच चकचकीत इंजिनाकडं बोट दाखवलं. मिस्त्री हसला. म्हणाला, "मालक, ह्ये राबून थकलंय. त्ये बसून मेलंय."

आउटबोर्डचं आयुष्य वर्षांत नाही, तासांत मोजतात. नीट सांभाळलेल्या इंजिनाला मोठं काम निघायच्या आधी साधारण 1500 तास मिळतात. फोर-स्ट्रोक त्याहून जास्तही जातं. रोज 4 तास, वर्षाला 250 दिवस मासेमारी म्हणजे 1000 तास. म्हणजे कारवारच्या इंजिनानं दीड-दोन वर्षांतच आपला वाटा उचलला होता. पुराच्या इंजिनाचा हिशेब उलटा. चार दिवस, रोज सहा तास, झाले 24. बहुतेक कंपन्या पहिली सर्व्हिस 20 तासांच्या आसपास सांगतात. म्हणजे तासांच्या हिशेबानं ते अजून पाळण्यातच होतं, आणि पाळण्यातच गेलं.

बाहेरून फरक कळत नाही, म्हणून मिस्त्रीनं प्लग काढून कॉम्प्रेशनचा गेज, म्हणजे सिलिंडरातला दाब मोजायचा काटा, लावला. राबलेल्या इंजिनाचे दोन्ही सिलिंडर थोडे कमी, पण जवळजवळ सारखे भरले. झीज अशीच येते, दोघांवर बरोबरीनं. पिस्टनच्या रिंगा बदलल्या की पुन्हा बरेच तास सुटतात. पडून राहिलेल्याचा एक सिलिंडर ठणठणीत, दुसऱ्यात काटा अर्ध्यावरच अडकला. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांच्या वर फरक दिसला की संशय घ्यायचाच. बंद करताना ज्या सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे हवा-धुराची भोकं, उघडे राहिले, त्यातून पावसाळी हवा आत जात राहिली आणि रिंग गंजून खाचेत चिकटली. वाईट भाग पुढंच आहे. टू-स्ट्रोकमध्ये खाली तेलाचा साठाच नसतो. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याच्या, बेअरिंगला जे तेल मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं, तेही इंजिन चालतं तेव्हाच. चाक हातानं फिरवलं तर आतून जात्यासारखी घरघर आली. तो खर्च रिंगांच्या कितीतरी पट.

पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर तर मी हातात घेऊन बघितला. कारवारवाल्याच्या पाकळ्यांची टोकं वाळूनं घासलेली, पण सरळ. दुसऱ्याच्या सहापैकी तीन पाकळ्या एकाच बाजूला दुमडून तशाच ताठ झालेल्या, एकीच्या मुळाशी चीर. अशी पाकळी पाणी ओढत नाही. मागून पाण्याची पिचकारी यायला हवी ती येत नाही आणि इंजिन तापून बसतं. कोरड्या जमिनीवर "जरा चालू करून बघू" म्हणून अर्धा मिनिट सुरू केलं तरी इंपेलर खलास होऊ शकतो. हे पाप मी स्वतः केलंय.

कार्ब्युरेटरची वाटी उघडली तर तळाला काकवीसारखा चिकटा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि आउटबोर्डच्या पुस्तिका बहुधा 10 टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याच भागातल्या उसाचा रस कारखान्यातून फिरून आपल्याच कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, जेटमध्ये, येऊन बसतो, करायचं काय!

आजार वेगळे, म्हणून पथ्यंही वेगळी. रोज चालणाऱ्याला खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्यानं धुवायचं, 100 तासांनी गिअरचं तेल बदलायचं. तेल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलं समजा. बऱ्याचदा पंख्याच्या मागं जाळ्याचा नायलॉन गुंडाळून सील कापलेलं असतं. खाऱ्या पाण्यातलं इंजिन कृष्णेत आणलं तर अ‍ॅनोडही बदला, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजून जाणारी धातूची वडी. जस्ताची वडी गोड्या पाण्यात पापुद्रा धरून निकामी होते, इथं मॅग्नेशियमची किंवा अ‍ॅल्युमिनियमची लागते.

पडून राहणाऱ्याचं पथ्य सोपं, पण कुणी पाळत नाही. ठेवताना, पाण्यात असतानाच, पेट्रोलची नळी काढून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवायचं, कार्ब्युरेटर रिकामा करायचा, प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून दोरी दोन-चारदा ओढायची. ठेवायचं उभंच. फोर-स्ट्रोक चुकीच्या कुशीवर आडवं केलं तर ऑइल थेट सिलिंडरमध्ये उतरतं.

आणि स्कूटरचं टू-टी ऑइल घालू नका, दोन्हींना. ते हवेवर थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं. त्यातली राख पाण्यावर थंड राहणाऱ्या आउटबोर्डमध्ये प्लगवर आणि रिंगांवर बसते. डब्यावर टीसी-डब्ल्यू थ्री लिहिलेलंच घ्या. प्रमाण पुस्तिकेत बघा. बहुतेकांत 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली.

मी कारवारचंच घेतलं. रिंगा, इंपेलर, अ‍ॅनोड बदलून. ते आता कृष्णाकाठच्या कल्लोळ गावाच्या बाजूला मेव्हण्याच्या होडीवर असतं. पावसाळ्याआधी मात्र आमच्या अंगणात येतं आणि दर अमावास्येला, लोक गाड्यांना लिंबू बांधतात तेव्हा, मी निळ्या पिंपात पाणी भरून ते दहा मिनिटं चालवतो. आवाज ऐकून शेजारची पोरं पळत येतात आणि विचारतात, "काका, पूर आला की काय?"