पीसीआर मशीनचं पेटंट: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज हमखास अडतो त्या जागा

थर्मल सायकलर, म्हणजे नमुना ठरावीक तापमानांना तापवून-थंड करून डीएनएच्या प्रती काढणारं, आपल्या बोलण्यातलं पीसीआर मशीन, बनवणारी मंडळी येतात आणि विचारतात, "याचं पेटंट मिळेल का?" मी उलट विचारतो, "आतापर्यंत कुणाकुणाला दाखवलंत?" इथे बरेच जण गप्प होतात. कॉलेजच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालेलं असतं, यूट्यूबवर व्हिडिओ असतो, पीएचडीचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढलेला असतो. अर्जाच्या तारखेआधी शोध जगात कुठेही लोकांसमोर आला की नावीन्य गेलं. मग तो तुमचा स्वतःचाच व्हिडिओ का असेना.

"पण एक वर्षाची सूट असते ना?" हे वाक्य मी आता पाठ ओळखतो. अशी मोकळी सूट अमेरिकेत आहे, आणि इंटरनेटवरचे बहुतेक लेख तिथलेच असतात. आपल्या पेटंट अधिनियम, १९७० मध्ये कलम ३१ आहे, त्यात १२ महिनेही आहेत. पण ते मुख्यतः सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी किंवा एखाद्या विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासाठी. कॉलेजचा टेकफेस्ट यात येत नाही. २०२४ पासून या सवलतीसाठी वेगळा फॉर्म ३१ भरावा लागतो. या कलमाच्या भरवशावर मी कुणालाही बसू देत नाही. पोस्टर लावायचंच असेल तर आदल्या दिवशी प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखून ठेवणारा तात्पुरता, अर्ज टाका. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग, शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे.

नेमकं कशाचं पेटंट मागताय?

डीएनएच्या प्रती काढायची मूळ पद्धत जुनी आहे. कॅरी मलिस यांना ती १९८३ मध्ये सीटस कंपनीत सुचली, १९८७ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाली आणि त्यांची मुदत केव्हाच संपली. ९५ अंशांवर धागे सुटे करायचे, ५५-६० अंशांवर प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) चिकटवायचे, ७२ अंशांवर नवा धागा विणायचा, यावर आता कुणाचा हक्क नाही आणि तुमचाही होणार नाही. तुमचं काही असेल तर ते तापवण्या-थंड करण्यात, ब्लॉकच्या रचनेत, सर्किटमध्ये किंवा झाकणात असेल.

इथे कलम ३ ची, म्हणजे कशाला पेटंट मिळत नाही ते सांगणाऱ्या कलमाची, तीन पोटकलमं आडवी येतात. बाजारातलं पेल्टियर (विजेवर तापवणारी-थंड करणारी चकती), बाजारातला ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि बाजारातलाच मायक्रोकंट्रोलर एका डब्यात बसवला, तर परीक्षक कलम ३(एफ) दाखवतो: माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी. नावीन्य तापमान सांभाळणाऱ्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या प्रोग्रॅममध्ये, असेल आणि क्लेममध्ये (नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या वाक्यात) फक्त पायऱ्याच लिहिल्या असतील, तर ३(के), म्हणजे निव्वळ संगणक प्रोग्रॅम. आणि सगळ्यात जास्त लोक पडतात ते ३(आय) मध्ये. यंत्र उत्तम असतं, पण पहिला क्लेम लिहिलेला असतो "रुग्णाच्या थुंकीतून क्षयरोग ओळखण्याची पद्धत". रोगनिदानाच्या पद्धतीला भारतात पेटंट नाही. तपासणी शरीराबाहेर, नळीत होते म्हणून आपोआप सुटका होत नाही; मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर तर हा युक्तिवाद आणखी जपून करावा लागतो. यंत्राचा क्लेम यंत्र म्हणूनच लिहा: ब्लॉक, सेन्सर, ड्रायव्हर सर्किट, त्यांची जोडणी आणि त्या जोडणीमुळे काय साधलं.

"काय साधलं" याला आकडे हवेत. कडेच्या नळ्या मधल्या नळ्यांपेक्षा थंड राहतात ही जुनी डोकेदुखी आहे. तुमच्या रचनेने हा फरक किती अंशांवरून किती अंशांवर आला? सेकंदाला किती अंश चढतं, किती उतरतं? जुन्या आणि नव्या रचनेची मोजमापं शेजारी शेजारी ठेवा आणि ती पहिल्यापासून स्पेसिफिकेशनमध्येच, म्हणजे शोधाच्या लेखी वर्णनातच, असू द्या. "कार्यक्षमता लक्षणीय वाढते" या वाक्याने आजवर एकही परीक्षक हललेला मी पाहिला नाही.

मात्र जे केलं नाही ते केलं म्हणून लिहू नका. पीसीआरमध्ये नवा धागा विणणाऱ्या टॅक एन्झाइमच्या अमेरिकी पेटंटचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असायला हवं. रोश आणि प्रोमेगा या कंपन्यांच्या खटल्यात ते पेटंट न्यायालयाने अंमलबजावणीस अपात्र ठरवलं, आणि न केलेला प्रयोग केल्यासारखा भूतकाळात लिहिला होता हा त्यातला कळीचा मुद्दा होता. आपल्याकडेही खोट्या निवेदनावर मिळवलेलं पेटंट कलम ६४ खाली रद्द होऊ शकतं. करून पाहायचं बाकी असेल तर "असं केल्यास अपेक्षित आहे" असं लिहा. त्यात कमीपणा नाही.

डब्याचा आकार आवडला असेल तर त्यासाठी डिझाइन नोंदणी वेगळी असते. चिपच्या आतल्या रचनेसाठीही वेगळा कायदा आहे. दोन्ही या अर्जात कोंबू नका.

जो कागद कुणाकडेच नसतो

फॉर्म १ (अर्ज), फॉर्म २ (स्पेसिफिकेशन), फॉर्म ३ (परदेशी अर्जांची माहिती), फॉर्म ५ (संशोधक कोण), एजंट असेल तर फॉर्म २६. हे सगळं जमतं. शीर्षक १५ शब्दांच्या आत, सारांश १५० शब्दांच्या आत. अडतो तो हक्काचा पुरावा.

अर्ज कंपनीच्या किंवा कॉलेजच्या नावाने असेल, तर प्रत्येक संशोधकाने आपला हक्क त्यांना दिल्याचा कागद लागतो: फॉर्म १ मधली सही किंवा वेगळा करार. मुदत अर्जापासून ६ महिने. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात सर्किट ज्या मुलाने बनवलं तो पास होऊन जर्मनीत गेलेला असतो, त्याचा कॉलेजचा ईमेल बंद झालेला असतो आणि गाइडशी त्याचं फाटलेलं असतं. एका अर्जात मी सहा महिन्यांतले पाच महिने एका सहीच्या मागे घालवले आहेत. म्हणून प्रकल्प सुरू होतानाच करार करून घ्या. सही मिळत नाही म्हणून नाव गाळायचा मोह होतो. तसं करू नका, ते पुढे फार महागात पडतं. उलट विभागप्रमुखांचं नाव निव्वळ मान म्हणून घालणं हेही चूकच.

आणि एक: पेटंट कार्यालयाची भाषा इंग्रजी किंवा हिंदी. आपल्या स्टॅम्पपेपरवरचा मराठी करार चालतो, पण सोबत भाषांतर लागतं. मुंबईच्या अँटॉप हिलच्या कार्यालयात मराठी कागद नुसता चालत नाही, याचं लोकांना दर वेळी आश्चर्य वाटतं. मलाही वाटतं.

यंत्राबरोबर प्रायमरही क्लेम करणार असाल तर डीएनए अनुक्रमांची यादी एसटी २६ या आंतरराष्ट्रीय नमुन्यातल्या एक्सएमएल फाइलमध्ये द्यावी लागते. नेमके ठरलेले १० किंवा जास्त न्यूक्लिओटाइड (डीएनएची अक्षरं) असले की अनुक्रम यादीत येतो, म्हणजे २० अक्षरांचा साधा प्रायमरही आला. वर्डमधला तक्ता चालत नाही. भारतातल्या जिवाणूपासून काढलेलं एन्झाइम वापरलं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा विषय निघतो. १ एप्रिल २०२४ पासून भारतीय अर्जदाराला पेटंट मिळण्याआधी तिथे नोंदणी करावी लागते. माणसाचं जनुकीय साहित्य या कायद्याच्या व्याख्येबाहेर आहे. नुसतं यंत्र असेल तर हा परिच्छेद विसरा, पण फॉर्म १ मधली जैविक साधनांबाबतची घोषणा न वाचता तशीच ठेवू नका.

तारखा

प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांत कंप्लीट, म्हणजे क्लेमसह पूर्ण, स्पेसिफिकेशन. त्यानंतर परीक्षणाची विनंती, फॉर्म १८, आणि इथे सर्वाधिक अर्ज मरतात. अर्ज केला म्हणजे कार्यालय आपोआप तपासेल असं लोक समजतात. तपासत नाही. विनंती वेगळी, फी वेगळी (व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग, शैक्षणिक संस्था यांना ४,००० रुपये). पूर्वी ४८ महिने मिळायचे. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ३१ महिनेच मिळतात, आणि ते कंप्लीटच्या नव्हे तर प्रोव्हिजनलच्या तारखेपासून मोजायचे. जुने लेख वाचून ४८ धरून बसलेले लोक अजून भेटतात. मुदत गेली की अर्ज मागे घेतला असं मानलं जातं.

घाई असेल तर लवकर परीक्षणासाठी फॉर्म १८ए. स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना तो मिळतो. सगळे अर्जदार व्यक्ती असून त्यात किमान एक स्त्री असेल तरीही मिळतो. सोबत लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९ विसरू नका. सवलतीच्या फीसाठी फॉर्म २८ आणि पुरावा, म्हणजे लघुउद्योगाचं उद्यम किंवा स्टार्टअपचं प्रमाणपत्र. मोठी कंपनी सहअर्जदार असेल तर सवलत गेली.

पहिला परीक्षण अहवाल आला की उत्तराला ६ महिने. वाढीव ३ महिने मिळतात, पण ते मुदत संपायच्या आत मागावे लागतात. फॉर्म ३ ची अद्ययावत माहिती मात्र अहवालापासून ३ महिन्यांत द्यायची. दोन्ही तारखा एकच समजून बसलेले किती तरी जण पाहिले. अहवाल ईमेलवर येतो, स्पॅममध्ये पडतो. संकेतस्थळावर अर्जाची स्थिती दर महिन्याला स्वतः पाहत चला. परदेशात अर्ज करायचा असेल तर भारतातल्या अर्जानंतर ६ आठवडे थांबा, नाहीतर आधी फॉर्म २५ ने परवानगी घ्या.

पेटंट मिळाल्यावर पेढे वाटले जातात आणि नूतनीकरण राहतं. फी तिसऱ्या वर्षापासून लागू होते, तीही अर्जाच्या तारखेपासून मोजून. मंजुरी चार वर्षांनी मिळाली तर मधल्या वर्षांची थकलेली फी पेटंटची नोंद रजिस्टरमध्ये झाल्यापासून ३ महिन्यांत एकदम भरायची असते. ती आठवण कार्यालयाने करून द्यावी अशी अपेक्षा ठेवू नका.