मातृत्वविषयक सारतत्त्ववाद आणि वर्ग

माया, सोशिकता आणि मुलाची ओढ बाईच्या देहातच असते, म्हणून सगळ्या आयांचा अनुभव मुळात एकच, अशी धारणा म्हणजे मातृत्वविषयक सारतत्त्ववाद. स्त्रीवादाने ती नाकारली खरी. पण एका वर्गाच्या आयांचे जगणे ‘आईचे जगणे’ म्हणून मांडण्याची सवय स्त्रीवादी लेखनातही राहिली.

फ्रेंच विचारवंत एलिझाबेत बादँतेर यांनी १९८० मध्ये मातृप्रेम उपजत असते हा समज इतिहासाच्या आधारे खोडून काढला. पॅरिसचे पोलीसप्रमुख लेन्वार यांच्या १७८० मधील अंदाजानुसार शहरात वर्षाला जन्मणाऱ्या सुमारे २१,००० बाळांपैकी जेमतेम १,००० आईच्या अंगावर पीत. बहुतेकांची रवानगी दूधआयांकडे होई. त्यांत श्रीमंतांची मुले होती, तशीच दुकानात आणि कारखान्यात राबणाऱ्या बायकांचीही. पण यात आणखी एक आई आहे: पैशासाठी परक्याचे बाळ पाजणारी शेतकरीण. तिच्या स्वतःच्या तान्ह्याचे काय, हा प्रश्न मागे पडतो.

अमेरिकेत स्त्रीवादी लेखिका बेटी फ्रीडन यांनी १९६३ मध्ये सुखवस्तू गृहिणीची घुसमट मांडली. त्यावर कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांनी १९८४ मध्ये विचारले, की या बायका नोकरीला गेल्यावर त्यांचे घर आणि मुले कोण सांभाळणार? कृष्णवर्णीय कष्टकरी बायका आधीपासूनच मजुरी करत होत्या. अवहेलना बाहेर होती, माणूस म्हणून किंमत घरात मिळे. त्यामुळे मातृत्व हीच मुख्य बेडी, हे काही गोऱ्या, सुखवस्तू स्त्रीवाद्यांचे म्हणणे त्यांना आपले वाटले नाही. मातृत्वाला बेडी ठरवणे हेही एका अर्थी सारतत्त्ववादच, फक्त उलट बाजूने.

अमेरिकन तत्त्वज्ञ सारा रडिक यांच्यावर मात्र एका वर्गाचा अनुभव सगळ्यांचा मानल्याचा आक्षेप सरसकट घेणे अन्यायाचे ठरेल. संगोपनातून घडणाऱ्या विचारपद्धतीबद्दल लिहिताना, आपली सामग्री गोऱ्या, मध्यमवर्गीय अमेरिकन कुटुंबातली आहे, हे त्यांनी १९८० मध्येच नोंदवले होते, आणि पुरुषही ‘आईपण’ करू शकतो असे त्या मानत. तत्त्वज्ञ एलिझाबेथ स्पेलमन यांनी १९८८ मध्ये मुळावरच बोट ठेवले: वर्ग आणि वंश वजा करून उरणारी निव्वळ ‘स्त्री’ कुठे सापडतच नाही.

मुले सांभाळण्याचे काम आज देशांच्या सीमा ओलांडते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी २००० मध्ये त्याची साखळी दाखवली. श्रीमंत देशात एका घरचे मूल परदेशातून आलेली बाई सांभाळते. मायदेशी तिची मुले दुसरी पगारी बाई बघते. आणि त्या दुसरीच्या घरी धाकट्या भावंडांना तिची थोरली मुलगी सांभाळते, बिनपगारी.