रबरी आमिष

गोड्या पाण्यातील शिकारी मासे गळाला लावण्यासाठी वापरले जाणारे मऊ, लवचिक प्लास्टिकचे नकली आमिष. गांडूळ, अळी, बेडूक, सरडा, झिंगा, बोटभर मासळी असे त्याचे अनेक आकार असतात. बोलण्यात त्याला सरसकट ‘रबर’ म्हणतात, पण त्यात रबर सहसा नसते. तो पीव्हीसीचाच एक मऊ प्रकार असतो. हे आमिष मुळात अमेरिकेतील बास या माशासाठी तयार झाले आणि त्याच्या पाकिटावर आजही बहुधा बासचेच चित्र असते. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या सीमाभागातील नद्या, बंधारे आणि तळ्यांत मात्र बास नाही. इथे त्या आमिषावर झेप घेते ती मरळ.

बास म्हणजे येथे मोठ्या तोंडाचा बास. तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील मूळ रहिवासी. गवतात, बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला दबा धरून बसायचे आणि जवळून जाणारे भक्ष्य तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचे, ही त्याची शिकारीची रीत. त्याला पकडायचे तर आमिष आडोशात शिरले पाहिजे आणि तिथे न अडकता बाहेरही आले पाहिजे. उघड्या गळाचे, धातूच्या पात्याचे किंवा तीन काट्यांच्या गळाचे आमिष पहिल्याच फेकीला गवताचा भारा घेऊन येते. मऊ प्लास्टिकच्या अंगात गळाचे टोक लपवता येते. रबरी आमिषाचा खरा शोध हाच म्हणायला हवा. गांडुळाचा आकार ही त्यामानाने वरवरची बाब आहे.

तयार करण्याची पद्धत सोपी आहे. पीव्हीसीची बारीक पूड मऊपणा आणणाऱ्या तेलकट द्रवात कालवली की दुधासारखे दाट मिश्रण होते. त्याला प्लास्टिसॉल म्हणतात. साधारण १७५ अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यावर ते पारदर्शक होऊन वाहू लागते. त्यात रंग, चमकी, वजनासाठी मीठ आणि वासासाठी लसूण किंवा बडीशेपेचा अर्क घालून ते ॲल्युमिनियमच्या साच्यात ओततात. गार झाले की आमिष तयार. द्रव जास्त घातला तर शेपूट अधिक वळवळते, पण आमिष लवकर फाटते. मीठ जास्त घातले तर ते लवकर बुडते, पण एका चाव्यात तुटते. घरी ओतकाम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : पीव्हीसी प्रमाणाबाहेर तापले की हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू सुटतो. स्वयंपाकघर आणि त्यातली भांडी या कामासाठी नाहीत.

रबरी गांडुळाची आजची परंपरा निक क्रीम आणि त्याची पत्नी कॉस्मा यांच्यापासून सुरू होते. ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी १९४९ मध्ये त्यांनी खऱ्या गांडुळावरून साचा घेऊन ही आमिषे ओतली आणि टपालाने विकायला सुरुवात केली. ॲक्रन हे टायर कारखान्यांचे गाव. पुढे हा व्यवसाय टेक्सास राज्यातील टायलर येथे गेला. त्या भागातील नव्या धरणांच्या जलाशयांत बुडालेली झाडे उभीच्या उभी होती आणि त्यांच्या फांद्यांत बास होता. गळाचे टोक आमिषात लपवून ते झाडोऱ्यात सोडण्याची रीत तिथेच रुळली. तिचे नावच टेक्सास रिग पडले. १९९०च्या दशकात गॅरी यामामोटो यांच्या ‘सेन्को’ने आणखी एक वळण दिले. शेपूट नाही, पाय नाहीत, दिसायला नुसती कांडी. पण मिठामुळे जड झालेली ही कांडी दोरी सैल सोडली की आडवी राहून दोन्ही टोके थरथरवत खाली जाते, आणि त्या थरथरण्यालाच मासा भुलतो.

आमिष गळाला लावण्याच्या पद्धतींत टेक्सास रिग सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त चुकीची बांधली जाणारी. दोरीत आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन ओवायचे, सहसा ३.५ ते ७ ग्रॅमचे. मग मानेशी वाकवलेला गळ बांधायचा. गळाचे टोक आमिषाच्या तोंडातून पाऊण सेंटिमीटर आत घालून बगलेतून बाहेर काढायचे, गळ मानेपर्यंत ओढून अर्धा फिरवायचा आणि टोक पुन्हा पोटातून घालून पाठीच्या कातडीखाली लपवायचे. आमिष सरळ राहिले पाहिजे. कुठे मुरड पडली तर पाण्यात ते भोवऱ्यासारखे फिरते, दोरीला पीळ बसतो आणि मासा जवळ येत नाही. नवशिके दिवसभर मासा मिळाला नाही म्हणून रंग बदलत बसतात, आणि दोष असतो या मुरडीचा. रंगांची चर्चा एकूणच गरजेपेक्षा जास्त होते. गढूळ पाण्यात गडद आणि नितळ पाण्यात फिकट, एवढे कळले की निम्म्याहून अधिक काम झाले.

इतर पद्धती थोडक्यात सांगता येतील. कॅरोलायना रिगमध्ये वजन आमिषापासून हात-दीड हात पुढे असते आणि मोकळे आमिष मागून तरंगत येते. उघड्या तळाच्या खोल पाण्याला ही रीत चांगली. वॅकी रिगमध्ये गळ कांडीच्या मधोमध टोचतात. ड्रॉप शॉटमध्ये वजन तळाशी आणि गळ त्याच्या वर असतो. जिग हेड म्हणजे शिसे ओतलेला गळ. वल्ह्यासारख्या शेपटीची मासळी त्यावर लावून सरळ ओढत आणतात.

सीमाभागातील पाणी या आमिषाच्या दृष्टीने पाहिले तर तीन तऱ्हांचे आहे. पहिली तऱ्हा मोठ्या जलाशयांची : घटप्रभेवरील हिडकल, म्हणजे राजा लखमगौडा धरण, ज्याची साठवण सुमारे ५१ टीएमसी आहे, आणि सौंदत्तीजवळ मलप्रभेवरील नविलुतीर्थ. उन्हाळ्यात त्यांचे पाणी मागे हटते, काठ उघडे पडतात आणि काठावरून फेकणाऱ्याला आडोसा सापडत नाही. दुसरी तऱ्हा नदीवरील बंधाऱ्यांची. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी या नद्या महाराष्ट्रातून येतात आणि त्यांच्यावर दोन्ही राज्यांत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात. नदी थबकते, मागे लांबच लांब संथ डोह तयार होतो, काठाला गवत आणि जलपर्णी वाढते. रबरी आमिषासाठी बरगे घातल्यापासून उन्हाळा लागेपर्यंतचा हा डोह सर्वांत चांगला. तिसरी तऱ्हा गावतळी, खाणींत साचलेले पाणी आणि उसाच्या फडांमधल्या विहिरी. या भागातल्या अनेकांना मरळीची पहिली ओळख विहिरीच्या पायऱ्यांवर बसूनच झालेली असते.

मरळ बासची नातलग नाही, पण सवयीने त्याची जुळी बहीण शोभेल. तीही गवतात दबा धरते, तिचेही तोंड मोठे, तिलाही बेडूक आणि बारकी मासळी प्रिय. म्हणून बासची रीत इथे लागू पडते. फक्त तीन ठिकाणी ती बदलावी लागते. पहिला बदल तोंडाचा. बासच्या ओठांवर खरखरीत कानशीसारखे बारीक दात असतात, मरळीचे दात मात्र अणकुचीदार आणि जबडा हाडाचा. तिच्या दोन चाव्यांत रबरी गांडुळाचे तुकडे होतात आणि हलका झटका दिला तर गळ हाडात रुततच नाही. ताठ काठी आणि ब्रेडेड लाइन म्हणतात ती विणलेली दोरी हवी. साधा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, ताणला जातो, आणि मरळ तेवढ्यात गवताला वेढा घेते. दुसरा बदल श्वासाचा. मरळीला हवेतून श्वास घेण्याचे खास इंद्रिय असते आणि ती ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येते. संथ पाण्यावर ‘पचक्’ असा आवाज होऊन वलय उठले की अनुभवी माणूस वलयावर आमिष फेकत नाही. तो पलीकडे फेकतो आणि वलयावरून ओढून आणतो. बासच्या बाबतीत असा फुकटचा निरोप मिळत नाही.

तिसरा बदल आमिषाचा. मरळीसाठी गांडुळापेक्षा पोकळ अंगाचा रबरी बेडूक जास्त चालतो. त्याच्या पाठीला दोन गळ चिकटून असतात. माशाने दाबल्यावरच पोकळ अंग चेपते आणि गळ उघडे पडतात. तो जलपर्णीच्या पानांवरून उड्या मारत नेता येतो. इथे घाई नडते. पाणी फुटलेले दिसले की हात आपोआप झटका देतो, आणि बेडूक माशाच्या तोंडातून उडून काठावरच्या माणसाच्या छातीवर येतो. दोन आकडे मोजावेत, दोरीवर ओझे जाणवू द्यावे, मग झटका द्यावा. टेक्सास रिगवरही हेच खरे आहे, कारण तिथे टोकाला आधी प्लास्टिक फाडून बाहेर यावे लागते.

मरळीखेरीज शिवडा हा बिनखवल्यांचा, मोठ्या तोंडाचा मासा संधिप्रकाशात मोठ्या शेपटीच्या रबरी मासळीवर येतो. चिलापी बारीक आमिषाला अधूनमधून टोचून जाते. रोहू, कटला, मृगळ यांच्या मागे हे आमिष घेऊन लागणे व्यर्थ. त्यांच्यासाठी कणकेचा गोळाच बरा, आणि शेजारी कणीक लावून बसलेले काका चार रोहू पिशवीत टाकून निघाले तरी वाईट वाटून घेऊ नये.

पावसाळा हा मरळीच्या विणीचा मुख्य काळ. अंड्यांतून निघालेली तांबूस-नारिंगी पिल्ले पाण्याच्या वरच्या थरात घोळक्याने फिरतात आणि खाली आई-बाप राखण करतात. घोळक्यावरून रबरी बेडूक नेला की राखणीवरचा मासा तो चावतोच. भूक नसतानाही चावतो, कारण त्याला शत्रू हाकलायचा असतो. ही शिकार सर्वांत सोपी, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत हलकी. राखणदार गेला की घोळका इतर माशांच्या तोंडी जातो. बाजारात मरळीला मागणी मोठी असते. मांसात बारीक काटे कमी असल्याने आजारातून उठलेल्या माणसालाही ती देतात. त्यामुळे असला संयम सगळीकडे पाळला जाईल अशी अपेक्षा भाबडी ठरेल.

मासेमारीची परवानगी पाण्यागणिक वेगळी असते. अनेक तलाव आणि जलाशयांतील मासेमारी ठेक्याने दिलेली असते, म्हणून आधी ठेकेदाराला किंवा मत्स्य खात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारावे. खानापूर तालुक्यातील भीमगड हे २०११ मध्ये घोषित झालेले अभयारण्य आहे. तिथल्या ओढ्यांत गळ टाकायचा नाही.

तुटून राहिलेले रबरी आमिष पाण्यात कुजत नाही. ते फुगते, आणि माशाने गिळले तर पोटात तसेच राहू शकते. अमेरिकेतील मेन राज्यात २०१३ मध्ये अशा आमिषांवर बंदी घालणारे विधेयक मांडले गेले होते. त्याची परिणती बंदीत न होता अभ्यासाच्या आदेशात झाली. त्याहून मोठा धोका आमिषाचा नसून पाकिटावरच्या माशाचा आहे. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात बास सोडला गेला. तो पुढे देशभर पसरला, आणि २००५ पासून तिथे परक्या घातक प्रजातींच्या कायद्याखाली त्याची पैदास आणि जिवंत वाहतूक यांवर बंदी आहे. गंमत अशी की बासच्या जागतिक विक्रमाची बरोबरी जपानमध्येच झाली. जॉर्ज पेरी याने १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात धरलेल्या सुमारे १०.१ किलोच्या माशाशी २००९ मध्ये बिवा सरोवरातील मासा बरोबरीला आला. असे आकडे वाचून आपल्या शेततळ्यात दोन बास सोडावेत असे एखाद्याच्या मनात येऊ शकते. शेततळे पावसात भरून वाहते, ओढ्याला मिळते, ओढा मार्कंडेय नदीला आणि मार्कंडेय घटप्रभेला. तिथून पुढे कृष्णा.

साठवणीविषयी : आमिषे मूळ पाकिटातच, सपाट ठेवावीत. गडद आणि फिकट रंग एकत्र ठेवल्यास रंग एकमेकांत उतरतो. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेली शेपूट वाकडी होते. ती गरम पाण्यात बुडवून सरळ करता येते. तरंगणारी, हाताने ओढली तरी न तुटणारी काही नवी आमिषे पीव्हीसीची नसून वेगळ्या लवचिक प्लास्टिकची असतात. ती आणि जुनी आमिषे एका डब्यात ठेवली तर दोन्ही वितळून एक चिकट गोळा होतो आणि डब्याचा तळही सोबत जातो.