फज रवाळ होतो तो ढवळायच्या घाईमुळे

लोणावळ्याहून परत येणाऱ्या माणसाच्या पिशवीत चिक्कीच्या जोडीला कूपर्स या दुकानाचा चॉकलेट फज, म्हणजे साखर, दूध आणि चॉकलेटची मऊ वडी, असायचाच, त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच जणांना फज म्हणजे लोणावळ्याचीच खासियत वाटते. मूळ मामला अमेरिकेतला आहे, आणि तो गाजवला कॉलेजच्या पोरींनी. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी गावात व्हासार कॉलेज आहे, तिथल्या एमेलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीचं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात ती सांगते की 1886 मध्ये तिच्या एका शाळेतल्या मैत्रिणीच्या कझिनने बाल्टिमोर शहरात फज केला होता आणि तिथे तो 40 सेंट पौंड भावाने विकला जात होता. हार्ट्रिजने त्या मैत्रिणीकडून रेसिपी मिळवली आणि 1888 मध्ये कॉलेजच्या लिलावासाठी चक्क 30 पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर फज केला. पुढे वेल्स्ली आणि स्मिथ या मुलींच्या कॉलेजांनी आपापले प्रकार काढले.

हार्ट्रिजची रेसिपी बघाल तर काहीच नाही हो त्यात. 2 कप साखर, 1 कप क्रीम, 2 औंस म्हणजे साधारण 55-60 ग्रॅम बिनसाखरेचं चॉकलेट आणि चमचाभर बटर, बस. आपल्याकडे बिनसाखरेचं चॉकलेट सहज मिळत नाही, तर सहा मोठे चमचे कोको पावडर आणि दोन मोठे चमचे जास्तीचं बटर घ्या, काम होतं. एवढ्याशा सामानात एकदा लोण्यासारखी मऊ वडी होते आणि एकदा दाताखाली कचकचणारी रेती, मग लोक कोको पावडरच्या ब्रँडला नावं ठेवतात. कोकोचा तिथे काही दोष नसतो, सगळा खेळ साखरेच्या स्फटिकांचा आहे.

हे आधी पक्कं डोक्यात बसवा की फज घट्ट होतो तो चॉकलेट गोठल्यामुळे नाही. चॉकलेटमधलं कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून मे महिन्यात चॉकलेटचा बार पिशवीतल्या पिशवीत पातळ होतो, पण नीट जमलेली फजची वडी त्याच उन्हाळ्यात आकार धरून राहते कारण तिला साखरेच्या बारीक स्फटिकांनी धरून ठेवलेलं असतं आणि त्या स्फटिकांच्या मधल्या फटींत घट्ट पाक, दुधातली प्रथिनं, बटर, कोको असं सगळं भरलेलं असतं. रील्समध्ये कंडेन्स्ड मिल्कमध्ये चॉकलेट वितळवून फ्रीजमध्ये ठेवतात ना, ते खायला छान लागतं, मी पण खातो, पण त्यात पाकही नाही आणि स्फटिकही नाहीत, तो फज म्हणायचा म्हणून म्हणायचा.

आता पाक. साखर, दूध किंवा क्रीम आणि कोको मंद आचेवर सगळी साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, उकळी फुटली की ढवळणं अगदी कमी करायचं, तळाला लागत नाही ना एवढंच बघायचं, आणि जाड बुडाचं मोठं पातेलं घ्यायचं कारण दूध वर येणारच. पाणी जसजसं उडतं तसा पाकाचा उत्कलनबिंदू वर चढत जातो, त्यामुळे थर्मामीटर इथे खरं तर तापमानापेक्षा पाकात पाणी किती उरलंय ते सांगत असतो. 112 ते 115 अंश झाले की साध्या साखरेच्या पाकात साधारण 85 टक्के साखर आणि 15 टक्के पाणी उरतं. थर्मामीटर नसेल तर आपला गोळीबंद पाक आहेच, वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकायचा, बोटांनी गोळा करता आला आणि पाण्याबाहेर काढल्यावर दाबला की चपटा झाला, तर झालं काम. टणक गोळी लागली तर पुढे गेलात.

थर्मामीटरवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची, की हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. पुण्यात पाणी साधारण 98 अंशांना उकळतं, महाबळेश्वरला 95-96 लाच. म्हणून आधी नुसतं पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते बघायचं आणि त्याच्यावर 13-14 अंश धरायचे. मुंबईचा 114 आकडा महाबळेश्वरला जशाच्या तसा वापरलात तर पाणी जास्त उडून फज कोरडा ठणठणीत होणार.

गॅस बंद केल्यावर खरी परीक्षा सुरू होते. 100 ग्रॅम पाण्यात 100 अंशांना जवळजवळ 490 ग्रॅम साखर विरघळते, आणि 40 अंशांना जेमतेम 240. आपल्या पाकात 100 ग्रॅम पाण्यामागे साडेपाचशे ग्रॅमच्या वर साखर आहे, म्हणजे गार होता होता निम्म्याहून जास्त साखर नुसती बाहेर पडायचं निमित्त शोधत असते. निमित्त काहीही चालतं, कडेला चिकटलेला साखरेचा कण, कोरडा चमचा, पातेल्याला बसलेला धक्का. पाक गरम असताना ढवळलात तर थोडेच स्फटिक जन्माला येतात आणि पाक पातळ असल्यामुळे साखरेचे रेणू भराभर त्यांच्यापाशी पोचून ते फुगत जातात. शंभर जणांच्या पंगतीचं श्रीखंड चारच जणांना वाढल्यासारखं, चौघंही सुटणार. तोच पाक 43-45 अंशांपर्यंत न हलवता गार होऊ दिला आणि मग घोटला, तर एकदम असंख्य स्फटिक सुरू होतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडीशीच साखर येते आणि पाकही दाट झालेला असल्यामुळे कोणालाच फार मोठं होता येत नाही. साधारण 20-30 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचे कण जिभेला वेगळे कळत नाहीत, तोंडाला नुसतं मऊ लागतं.

म्हणून जुन्या रेसिपीत त्या विचित्र वाटणाऱ्या सूचना असतात. उकळी आली की दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा, म्हणजे वाफेचं पाणी कडेवरून ओघळून चिकटलेली साखर धुऊन काढतं. बटर वर टाका पण मिसळू नका, ते वितळून थर धरतं आणि वरची साय सुकत नाही. ओततानाही पातेलं खरवडायचं नाही. गार व्हायला तासभर सहज जातो आणि तेवढा वेळ चमचा लांब ठेवणं हे या रेसिपीतलं सगळ्यात अवघड काम आहे.

मग लाकडी उलथन्याने घोटायचं. सुरुवातीला पाक काळाभोर, आरशासारखा चकचकीत आणि इतका चिवट असतो की हात भरून येतो. हळूहळू रंग एक छटा फिका पडतो, उलथन्याची रेघ मिटेनाशी होते. स्फटिक बनताना थोडी उष्णता बाहेर टाकतात म्हणून मध्येच मिश्रण जरा सैल पडल्यासारखं वाटतं, घाबरायचं नाही. आणि मग चकाकी जाते, कारण लाखो बारीक स्फटिक प्रकाश इकडेतिकडे विखुरतात. ती गेली की अक्रोड टाकायचे असतील तर टाकून लगेच तूप लावलेल्या ताटात थापायचं, फोनवर बोलत बसलात तर पातेल्यातच दगड होतो.

भीती वाटत असेल तर चमचाभर लिक्विड ग्लुकोज घाला, बेकिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतं. ग्लुकोजचे रेणू साखरेच्या स्फटिकात बसत नाहीत, त्याच्या वाढीच्या आड येतात. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतो, पाक साखरू नये म्हणून, त्यामागेही हेच, आम्लामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. फजमध्ये मात्र लिंबू नको, दूध फाटेल. ग्लुकोज जास्त झालं तर उलटं संकट, फज जमतच नाही, चिकट टॉफी होते.

आणि एवढं करूनही रवाळ झालाच तर फेकू नका. कपभर पाणी घालून मंद आचेवर सगळे कण पूर्ण विरघळवा, परत गोळीबंद पाकापर्यंत आटवा, परत गार करा, परत घोटा. दुसऱ्या खेपेला दूध जास्त शिजल्यामुळे रंग गडद येतो आणि चव थोडी खरपूस लागते, काही लोकांना तर तीच जास्त आवडते. पावसाळ्यात वड्या कापल्या की लगेच घट्ट डब्यात घाला, हवेतलं पाणी शोषून वरून चिकट व्हायला फार वेळ लागत नाही.