तिजोरीत ठेवलेली चर्चा: अ‍ॅडव्हेंटिस्ट इतिहासलेखनाची पार्श्वभूमी

सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी म्हणजे शनिवारचा विश्रांतिदिन पाळणारा एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ. तिच्या इतिहासावर सध्या जे अभ्यासपूर्ण लेखन होते आहे, त्यात एक प्रश्न हटकून येतो. मंडळीच्या एक संस्थापक आणि संदेष्ट्या मानल्या जाणाऱ्या एलन व्हाइट यांच्या लेखनामागची ईश्वरी प्रेरणा नेमकी कशी समजून घ्यायची? 1970 नंतरच्या टीकाकारांनी हा वाद उकरून काढला, असे अनेक श्रद्धावंतांना वाटते. कागदपत्रे वेगळे सांगतात. मंडळीच्या धुरिणांनीच 1919 साली यावर मोकळेपणाने बोलून घेतले होते. ते बोलणे बाहेर आले नाही, एवढेच.

मूळ कथा थोडक्यात अशी. न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी विल्यम मिलर याने बायबलमधल्या दानीएलाच्या ग्रंथातल्या 2300 दिवसांचा हिशेब मांडला आणि येशूचे पुनरागमन 1843 च्या सुमारास होईल, असा प्रचार केला. पुढे या चळवळीत 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख पक्की झाली. काहींनी शेतातली पिकेसुद्धा काढली नाहीत. तो दिवस उलटला आणि हजारो माणसे खचली. त्याच डिसेंबरात मेन राज्यातल्या 17 वर्षांच्या एलन हार्मन हिला पहिला दृष्टान्त झाला. 1846 मध्ये तिचे लग्न जेम्स व्हाइट यांच्याशी झाले. शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतिदिन, पाळणाऱ्या विखुरलेल्या गटांतून 1863 मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीक येथे मंडळीची रीतसर स्थापना झाली. सभासद होते सुमारे 3500.

एलन व्हाइट पुढची सात दशके लिहीत राहिल्या. देव आपल्या सेवकाच्या मनात विचार घालतो, नेमके शब्द क्वचितच देतो, अशी भूमिका मंडळीच्या अधिवेशनाने 1883 मध्येच ठरावात नोंदवली होती. सर्वसामान्य सभासदांपर्यंत मात्र ती पोहोचली नाही. एकेक शब्द थेट स्वर्गातून आला, ही समजूत दृढ होत गेली. जुलै 1915 मध्ये त्यांचे निधन झाले आणि लेखिकेलाच विचारण्याची सोय संपली.

1919 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनजवळच्या टाकोमा पार्क येथे नेते, संपादक आणि बायबल व इतिहासाचे शिक्षक एकत्र जमले. बोललेले सगळे लघुलिपीत टिपून घेतले जात होते. 30 जुलै आणि 1 ऑगस्टच्या बैठकींत विषय निघाला तो एलन व्हाइट यांच्या लेखनाचा. आर्थर डॅनियल्स तेव्हा जागतिक मंडळीचे अध्यक्ष होते आणि त्यांनी ऑस्ट्रेलियात एलन व्हाइट यांच्याबरोबर काम केले होते. येशूच्या जीवनावरील एलन व्हाइट यांचा मोठा ग्रंथ तयार होताना आपण पाहिला आहे, त्यातली प्रकरणे पुन्हापुन्हा लिहिली जात होती, असे त्यांनी सांगितले. इतर लेखकांच्या पुस्तकांतून घेतलेल्या मजकुराचा विषयही त्यांनी टाळला नाही. शिक्षकांची अडचण वेगळी होती: वर्गात मुलांना हे कसे सांगायचे? मला ही पाने फार मोलाची वाटतात, कारण बोलणाऱ्यांपैकी कुणालाही एलन व्हाइट यांचे महत्त्व कमी करायचे नव्हते. श्रद्धा टिकावी म्हणूनच ते खरे सांगण्याची वाट शोधत होते.

इतिवृत्त छापले गेले नाही, तिजोरीत गेले. 1922 मध्ये डॅनियल्स यांचे अध्यक्षपद गेले. प्रेरणेविषयीच्या त्यांच्या मतांवरून विरोधकांनी आधी बरीच मोहीम चालवली होती. त्यांच्या जागी आले विल्यम स्पायसर, ज्यांनी तरुणपणी कोलकात्यात मिशनरी म्हणून काम केले होते. पुणेकरांना हे नाव ओळखीचे आहे, औंधचे स्पायसर कॉलेज त्यांच्याच नावाचे.

1974 च्या डिसेंबरात अभिलेखपाल डोनाल्ड योस्ट यांच्या हाती ती टंकलिखित पुडकी लागली. 1979 मध्ये त्यातल्या निवडक चर्चा 'स्पेक्ट्रम' या नियतकालिकाने छापल्या. वातावरण आधीच तापलेले होते. रोनाल्ड नंबर्स हे मंडळीच्या एका माजी अध्यक्षांचे नातू. एलन व्हाइट यांच्या आरोग्यविषयक विचारांचे धागे त्या काळच्या अमेरिकन आरोग्यसुधारकांशी किती जुळतात, हे त्यांनी 1976 च्या पुस्तकात दाखवले होते आणि त्यापायी मंडळीच्या विद्यापीठातली नोकरी गमावली होती. 1980 च्या दशकात मंडळीनेच फ्रेड वेल्टमन यांच्याकडे एलन व्हाइट यांच्या त्याच येशूचरित्राच्या 15 प्रकरणांचा अभ्यास सोपवला. 1988 च्या त्यांच्या अहवालानुसार सुमारे 30 टक्के वाक्यांवर इतर लेखकांची कमीअधिक छाया होती. डॅनियल्स यांच्या बोलण्याला यात दुजोराच मिळाला. 1919 मध्येच ते छापले असते, तर शिक्षकांच्या दोन पिढ्यांची घुसमट टळली असती, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतरच्या अभ्यासाचा सूर बदलला आहे. 2014 मध्ये ऑक्सफर्डने काढलेल्या एलन व्हाइट यांच्यावरील ग्रंथात मंडळीतले आणि मंडळीबाहेरचे अभ्यासक शेजारी शेजारी लिहितात. 2015 मध्ये त्यांच्या निधनाला शंभर वर्षे झाली, तेव्हा त्यांची अप्रकाशित पत्रे व हस्तलिखिते इंटरनेटवर खुली झाली. 1919 च्या बैठकीकडेही आता नव्याने पाहिले जाते. टाकोमा पार्कच्या सभेआधी महिनाभरच फिलाडेल्फियात मूलतत्त्ववादी प्रोटेस्टंटांची मोठी परिषद झाली होती. बायबलचा शब्दन् शब्द निर्दोष, हा त्यांचा आग्रह अ‍ॅडव्हेंटिस्टांमध्ये किती मुरला आणि 1883 चा ठराव विस्मरणात जाण्यात त्याचा वाटा किती, यावर सध्या सर्वांत जोमदार चर्चा चालू आहे.