मेमरी कार्डावरची दांडी आणि ‘यू’च्या पोटातला आकडा

एसडी कार्डाच्या लेबलवर ‘एक’ दोन ठिकाणी असू शकतो. एक म्हणजे नुसती उभी दांडी, रोमन एक, ही यूएचएस म्हणजे ‘अल्ट्रा हाय स्पीड’ प्रकारची खूण. दुसरा म्हणजे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या पोटात लिहिलेला १. ठाणे स्टेशनबाहेरच्या दुकानात जाऊन ‘यूएचएस वन द्या’ म्हटलं की दोन्हींपैकी काहीही हातात पडतं, आणि पुष्कळदा देणाऱ्यालाही फरक ठाऊक नसतो. दांडी सांगते की कार्ड आणि कॅमेरा यांच्यातली वाट जास्तीत जास्त किती वेग पेलू शकते. ‘यू’तला आकडा सांगतो की लिहिण्याचा वेग कितीच्या खाली जाणार नाही. म्हणजे एक कमाल मर्यादा आणि दुसरी किमान हमी.

आधी दांडी. एक दांडी म्हणजे सेकंदाला कमाल १०४ एमबी, दोन दांड्या म्हणजे ३१२. कार्ड उलटं करून बघा. एका दांडीच्या कार्डाला सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ असते, दोन दांड्यांच्या कार्डाला तिच्याखाली आणखी एक आखूड ओळ. लेबल घासून गेलं असलं तरी या खुणेवरून कार्ड ओळखता येतं. दोन दांड्यांचं कार्ड एका दांडीच्या कॅमेऱ्यात चालतं, पण दुसऱ्या ओळीला टेकायला तिथे पिनाच नसतात. म्हणजे जादा मोजलेले पैसे पाण्यात. दोन स्लॉटच्या कित्येक कॅमेऱ्यांत पहिला स्लॉट दोन दांड्यांचा आणि दुसरा एका दांडीचा असतो. दोन्हींवर एकदम फोटो लिहायला लावले की सगळा कारभार हळू स्लॉटच्या चालीने चालतो. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत उरकलेलं असतं, म्हणून नजरेतून सुटतं.

दुसरी ओळ मळली तर कॅमेरा गुपचूप एका दांडीच्या वेगावर उतरतो आणि स्क्रीनवर काही सांगतही नाही. पावसाळ्यात, त्यातून खाडीकाठच्या दमट हवेत, हे होऊ शकतं. कॅमेरा बंद करून कार्ड काढा, धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घेऊन पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच परत घाला. खोडरबर नको, त्याने सोन्याचा पातळ थर खरवडला जातो.

मग एकाच दांडीच्या कार्डावर १७० किंवा २०० असा ठळक आकडा कसा? तो वाचण्याचा वेग, तोही कार्ड कंपनीची खास वेगवान पद्धत ओळखणारा कार्ड रीडर असेल तरच. साध्या रीडरवर ९०च्या आसपास मिळतात. कॅमेऱ्याला लिहायचं असतं, त्यामुळे या आकड्याचा त्याला उपयोग नाही.

आता ‘यू’. यू१ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू३ म्हणजे किमान ३०. व्ही३०, व्ही६० आणि व्ही९० हीच भाषा थेट आकड्यात बोलतात. कॅमेऱ्याच्या मेनूत मात्र व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये असतो आणि ८ मेगाबिट म्हणजे १ एमबी, म्हणून त्याला ८ने भागायचं. फुल एचडी ५० मेगाबिट म्हणजे सव्वासहा एमबी, यू१ला सहज झेपणारं. फोर-के १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा, इथे यू१ची हमी संपली. असं कार्ड घरी दहा मिनिटांच्या चाचणीत चालेलही, आणि नौपाड्यातल्या हॉलमध्ये सप्तपदीच्या मधोमध रेकॉर्डिंग थांबेल. ४०० मेगाबिट म्हणजे ५० एमबी. त्याला व्ही६० लागतं आणि ते दोन दांड्यांशिवाय मिळत नाही.

फोटोंचं गणित उलटं आहे. ऐरोलीच्या बोटीतून फ्लेमिंगोंचा थवा उडताना सेकंदाला १० रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो, प्रत्येकी साधारण ३० एमबी, म्हणजे ३०० एमबी. एवढं एक किंवा दोन दांड्यांचं कार्ड सहसा लगोलग लिहीत नाही. आधी कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे फोटो तात्पुरते ठेवायची आतली जागा, भरतो आणि मग वेग कार्डाच्या हाती जातो. एका दांडीवर प्रत्यक्षात ८० एमबी मिळाले तर सेकंदाला तीनही फोटो धड होत नाहीत. दोन दांड्यांच्या चांगल्या कार्डावर २४० मिळाले तर आठ. यू३ची हमी दोघांवरही असते, म्हणून इथे तो आकडा बघून काही कळत नाही. तेव्हा व्हिडिओवाल्याने आकडा आधी बघावा, पक्ष्यांमागे लागणाऱ्याने दांडी. गाडीतल्या डॅशकॅमला एक दांडी आणि यू१ बहुतेक वेळा पुरतं. तिथे सतत पुसून लिहिणं सोसणारं ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड जास्त महत्त्वाचं. ए१, ए२ या खुणा फोनमध्ये ॲप चालवण्यासाठी असतात, कॅमेऱ्यासाठी त्यांचे जादा पैसे मोजू नका.

यू३ची हमी सलग मोकळ्या जागेवरच लागू होते. मधले मधले फोटो डिलीट करून भरलेल्या कार्डात मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत उरते. चिप पुसली जाते मोठ्या ठोकळ्यांत, त्यामुळे कार्डाला आधी ठोकळ्यातला उरलेला मजकूर हलवावा लागतो आणि वेग कोसळतो. सगळं कॉम्प्युटरवर उतरवून, उघडून तपासून, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

बनावट कार्डावर दांडी आणि आकडा दोन्ही झकास छापलेले असतात. नवीन कार्ड विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफथ्री या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून वाचून बघा. ६४ जीबीच्या कार्डाला विंडोज ५९.६ जीबीच्या आसपास दाखवतं, ती फसवणूक नव्हे, मोजण्याची रीत वेगळी. पण भरताना पुढचा डेटा चुकीचा वाचला गेला तर पावती घेऊन त्याच दिवशी दुकान गाठा.