मोठी स्कॉलरशिप म्हणजे स्वस्त कॉलेज?

अमेरिकेतल्या कॉलेजांबद्दल एक समज वर्षानुवर्षे फॉरवर्ड होतो: ‘जिथे मेरिट स्कॉलरशिप जास्त, तिथे खर्च कमी.’ ऐकायला पटतंच, कारण मोठा आकडा डोळ्यांत भरतो.

पण पाहायचा तो उरलेला आकडा. समजा, एका कॉलेजचा फी, राहणं-जेवण धरून वर्षाचा खर्च ७०,००० डॉलर आणि स्कॉलरशिप ३०,०००, भरायचे ४०,०००. दुसरीकडे खर्च ३२,०००, स्कॉलरशिप फक्त ४,०००, भरायचे २८,०००. चार वर्षांत फरक ४८,००० डॉलरचा!

त्यात अनेकदा स्कॉलरशिपची रक्कम ठरलेली राहते, फी मात्र वाढते. शिवाय ठरावीक जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, टिकवावा लागतो. म्हणून ऑफर लेटरमधल्या नूतनीकरणाच्या अटी नीट वाचा: किती वर्षं, किती जीपीए, घसरला तर सुधारायला एखादं सत्र मिळतं का?

आता ऑनर्स प्रोग्राम, म्हणजे हुशार विद्यार्थ्यांसाठीचा कॉलेजमधला खास अभ्यासक्रम. त्याचा पैशांशी संबंध असेलच असं नाही. छोटे वर्ग, विषय निवडायला आधी नंबर, शेवटी प्रबंध असं बरंच काही मिळू शकतं. मुलाच्या शाखेत ऑनर्सचे वर्ग खरोखर किती, हे तिथल्या विद्यार्थ्यालाच विचारलेलं बरं.